मामाचं बोंडलं

पंगतीत माझ्या शेजारी बसायला आमच्या घरचे का-कू करतात. माझं लक्ष ताटात कमी आणि लोकांच्या गळ्याकडे जास्त असतं. कोण घास न चावताच गिळतो, कोणाला मठ्ठ्याच्या घोटानं ठसका लागतो, कोणाच्या ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळतं, हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. "अवं, तो माणूस जेवून राह्यला, पेपर देऊन नाही राह्यला," असं आमचे हे मला कोपरानं ढोसून सांगतात. मी मान खाली घालते आणि दोन घासांनंतर पुन्हा बघते.

बुलढाण्याला लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं एक केंद्र आहे, तिथे मी स्पीच थेरपिस्ट होते. नुकतीच निवृत्त झाले. पाटीवरचा हुद्दा वाचून लोकांना वाटायचं, या बोलायला शिकवणाऱ्या बाई. मी मूळची धामणगाव बढ्याची. पुण्याला हे शिकायला गेले तेव्हा माझ्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की वर्गातल्या मुली म्हणायच्या, आधी हिच्यावरच उपचार करू. पुढे आमच्याकडच्या आयांशी बोलताना पुण्याची भाषा काही उपयोगी पडली नाही. 'मले'च कामाला आलं.

बोलणं हा माझ्या कामाचा एक भाग. दुसरा भाग गिळण्याचा, आणि मला तोच जास्त आवडायचा. ज्या ओठांनी, जिभेनं आणि गळ्यानं माणूस बोलतो त्यांनीच तो जेवतोही, म्हणून हे काम आमच्याकडे. आपण दिवसभर गिळतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. घास तोंडात गोळा होतो, जीभ त्याला मागे ढकलते आणि तेवढ्यापुरतं श्वासनळीवर झाकण पडतं. घास अन्ननळीत उतरला की झाकण उघडतं. रेल्वेच्या फाटकासारखंच हे, वेळेवर पडलं पाहिजे आणि वेळेवर उघडलं पाहिजे. ज्या मुलांच्या मेंदूला जन्माच्या वेळी किंवा त्याआधीच इजा झालेली असते, त्यांचं हे फाटक कधी उशिरा पडतं, कधी अर्धवट. मग वरण, दूध, पाणी थोडं थोडं छातीत उतरतं आणि मूल सारखं न्यूमोनियानं आजारी पडतं. घरच्यांना वाटतं, हवा बाधली.

तपासायला यंत्रं फारशी लागत नाहीत. मूल कसं बसतं, मान सावरते का, ओठ मिटतात का, हे आधी बघायचं. मग हनुवटीखाली बोटं हलकेच ठेवून घास द्यायचा. मूल गिळतं तेव्हा कंठ वर उचलला जातो आणि ते बोटांना कळतं. त्यानंतर आवाज ऐकायचा. गिळून झाल्यावर मुलाचा आवाज गुळण्या केल्यासारखा ओला आला, तर काहीतरी गळ्याशी साचलेलं आहे. कोरडा, मोकळा आला की माझा जीव भांड्यात पडायचा. ओला आवाज, कोरडा आवाज, हे माझे रोजचे शब्द होते.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी मूल भुकेलं असावं लागतं, आणि आमच्या भागात भुकेलं मूल घेऊन कोणी घराबाहेर पडत नाही. मी सांगून सांगून थकले. "लेकरू उपाशी ठेवून उंबरठा कसा ओलांडू?" असं आया विचारायच्या. एका आजीनं तर मला तोंडावर विचारलं होतं, "तुमी डाक्टरीन हा का कसाईन?" मग घरून निघताना पोटभर दूध-पोळी, रस्त्यात रडलं म्हणून बिस्किटं आणि स्टँडवर उतरल्यावर केळं. राजूर घाटाची वळणं पार करून मूल माझ्यापुढे यायचं ते ढेकर देत. त्यात आईच्या पिशवीतून डबा निघायचा आणि डब्यात काजू लावलेला साजूक तुपातला शिरा. मी म्हणालेली असायची, मूल रोज खातं ते आणा. पण रोजचं कसं आणायचं, मॅडम काय म्हणतील? तो शिरा मुलानंही पहिल्यांदाच पाहिलेला असायचा. तपासणीला त्याचा उपयोग शून्य. वाया जाऊ नये म्हणून तो मी खाल्लेला आहे, खोटं कशाला बोलू? निवृत्तीच्या वेळची माझी तब्येत ही जिल्ह्याच्या आयांची कृपा आहे.

शेवटी मीच घरोघरी जायला लागले. चुलीपाशी बसल्याशिवाय मुलाचं जेवण कळत नाही.

वरवट बकालच्या एका किराणा दुकानदाराचा नातू असाच घरी जाऊन कळला. ऑटिझम असलेला हा मुलगा फक्त पापड खायचा. तोही ज्वारीचा, भाजलेला आणि अखंड. पापडाचा जरासा तुकडा पडला की ताट भिंतीवर. त्याच्यासाठी घराच्या गच्चीवर बारमाही पापड वाळत असायचे, आणि लोक येऊन भाव विचारायचे. बापानं त्याला मारूनही पाहिलं होतं. मी त्या बापाला म्हटलं, "तुमच्या तोंडात कोणी ओला कापूस कोंबला तर कसं वाटेल? याला मऊ भात तसा वाटतो. हा हट्ट नाही." मग आम्ही पापड जरा जाड लाटायला लागलो, मग जरा कमी भाजायला, मग कडक भाकरीचा पापुद्रा पापड म्हणून ताटात आला. यात कितीतरी महिने गेले. आता तो भाकरी-पिठलं खातो. भाकरी मात्र गोल पाहिजे आणि मोडलेली चालत नाही. त्याचे आजोबा म्हणाले, "तेवढं तर माह्यंही हाय."

पण मला मुख्य सांगायचं आहे ते सांचीबद्दल.

सांची सोनाळ्याची. शाळेत जायच्या वयाची झाली होती, पण मान धरत नव्हती. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठ, आणि डोळे मात्र असे बोलके की खोलीत कोण आलं-गेलं याची सगळी नोंद त्या डोळ्यांत. दर थोड्या दिवसांनी तिची छाती भरायची आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागायचं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवू, अन्न त्यातून देऊ, नाहीतर एखाद्या न्यूमोनियात ही पोर हाताला लागणार नाही. वडील कंपनीत नोकरीला बाहेरगावी. आई प्रज्ञा घाबरून गेलेली. घरात शब्द चालायचा तो सांचीच्या आजीचा, शांताबाईंचा, आणि त्या नळीला तयार नव्हत्या.

दोघी सांचीला घेऊन केंद्रात आल्या. सांचीनं अर्थातच स्टँडवर केळं खाल्लेलं होतं, कुस्करून.

"मॅडम, तिले कधी ठसका लागत नाही," शांताबाई मला म्हणाल्या. "एक डाव लागला असंन तर माही जीभ झडो. मंग काऊन नळी टाकून राह्यले ते?"

त्यांना वाटलं होतं, हे ऐकून मी खूश होईन. मी मात्र धास्तावले. श्वासनळीत काही गेलं की ठसका लागलाच पाहिजे. ठसका हा घरचा राखणदार. तो कधीच ओरडत नसेल तर चोर येत नाहीत असं नाही, राखणदार झोपलेला असू शकतो. मी शांताबाईंना एवढंच म्हटलं, "आजी, मी तुमच्या घरी येते. रोजचं जेवण करा. माझ्यासाठी काही करू नका."

सोनाळ्याला पोचले तेव्हा शिरा तयार होता. तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, आता सांचीला जेवू घाला.

शांताबाईंनी हातपाय धुतले. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली पाय लांब करून बसल्या, पायांवर सांचीला उताणं घेतलं, आणि फळीवरून एक चांदीचं बोंडलं काढलं. ज्यांच्या घरात आता बोंडलं उरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही तान्ह्या बाळाला दूध पाजायची लहानशी वाटी असते, एका बाजूला चोच काढलेली. प्रज्ञानं भाकरी वरणात कुस्करून पाण्यासारखी पातळ केली होती. शांताबाईंनी बोंडल्याची चोच सांचीच्या गालात लावली आणि ते वरण हळूहळू आत सोडायला लागल्या. तोंडानं "घे माय, घे माही बाई" चाललेलं. इतक्या मायेनं भरवलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. सांची मागे कललेल्या मानेनं गटागटा घेत होती. ठसका खरोखरच लागला नाही.

मी तिच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला. श्वास धावत होता. सांची आजीकडे बघून हसली, आणि आवाज आला तो चिंब ओला.

"आजी, हे बोंडलं आता ठेवून द्या," मी म्हटलं.

शांताबाईंचा हात थांबला. "मामाचं हाय ते," त्या म्हणाल्या. "प्रज्ञाचा भाऊ आनंदा, त्यानं आनलं होतं, पोरगी झाली तवा. तिले दूध ओढता येत नव्हतं. याच बोंडल्यानं म्या जगवली तिले."

ते अक्षरशः खरं होतं, आणि मी तसं त्यांना म्हटलंही. त्या वेळी बोंडलं नसतं तर सांची राहिली नसती. पण आता उताण्या मुलीच्या तोंडात सोडलेलं पातळ वरण फाटक पडायच्या आधीच पुढे धावत होतं. मी हे समजावत होते आणि शांताबाई ऐकत नव्हत्या. त्यांच्या मनात निराळंच काही चाललं होतं, ते मग एकदम बाहेर आलं.

"मॅडम, हिचं उष्टावण झालं नाही," त्या म्हणाल्या. "त्या टायमाले दवाखान्यातच होती. मंग आज करू, उद्या करू म्हनता म्हनता राहूनच गेलं. मामाच्या हातचा पहिला घास नाही पडला हिच्या तोंडात, अन् हे लोक नळी टाकून तिचं तोंडच बंद करून राह्यले. माह्या नातीनं चव न पाहताच जगायचं का?"

प्रज्ञा पदर डोळ्याला लावून उठून गेली. इतके दिवस सगळे डॉक्टर या बाईंना नळीबद्दल सांगत होते, आणि त्यांचा प्रश्न नळीचा नव्हताच. तो सांचीच्या पहिल्या घासाचा होता.

मी म्हटलं, "आजी, आपण मोठ्या दवाखान्यात एक तपासणी करू. सांची गिळते तेव्हा आत काय होतं ते पडद्यावर चालताना दिसतं. तिला सुरक्षित गिळता येईल असा एक तरी घास सापडतो का बघू."

"सापडला तं?"

"तर नळी टाकली तरी तो घास तिच्या तोंडचा. कोणी काढून घेणार नाही. हा माझा शब्द."

ही तपासणी आमच्या जिल्ह्यात होत नाही. माझी सगळ्यात मोठी खंत तीच. किती मुलांना मी चिठ्ठी लिहून दिली आणि प्रवास, मजुरी, घरची अडचण यांत ती घरीच राहिली. त्यातली काही नावं आजही आठवली की जेवण जात नाही. सांचीच्या वेळी मी स्वतः सोबत गेले. शांताबाईंनी खिरीचा डबा बरोबर घेतलेला होता. मी गव्हाची खीर मिक्सरमधून काढून, लापशीसारखी घट्ट करून वेगळी नेली होती.

त्या तपासणीत खाण्यात पांढरी पावडर कालवतात, म्हणजे ते पडद्यावर काळं दिसतं. आधी पाणी दिलं. काळी रेघ सरळ श्वासनळीत उतरली. सांचीनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. मग आजीची खीर. खिरीत दूध आणि गहू वेगवेगळे पळतात. दूध पुढे निसटलं आणि तेही त्याच वाटेनं गेलं. शांताबाई काचेपलीकडून बघत होत्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे इतके दिवस म्याच तिले..." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात धरला. म्हटलं, "तुम्ही भरवलं म्हणून ती आज इथवर आली. राखणदार झोपलेला होता, त्यात तुमचा दोष नाही. उठा, अजून एक घास बाकी आहे."

सांचीला खुर्चीत ताठ बसवलं, मानेला आधार दिला, हनुवटी जराशी खाली. माझी घट्ट खीर, अर्धाच चमचा. काळा गोळा जिभेवर थांबला. बराच थांबला. मग मागे सरकला आणि अन्ननळीतून खाली गेला, पूर्ण, काही मागे न ठेवता. पुन्हा दिला, पुन्हा नीट गेला. त्यापुढे ती दमली आणि थोडं गळ्यात उरायला लागलं, म्हणून आम्ही थांबलो. पोट भरायला हे पुरणार नव्हतं, पण चव घ्यायला पुरण्यासारखं होतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पोटासाठी नळी, आणि मूल ताजंतवानं असेल तेव्हा घट्ट, गुळगुळीत असे थोडे घास तोंडानं.

शांताबाई पदर सावरून उठल्या. "टाका नळी," त्या म्हणाल्या. "पन छाती सुधरली की उष्टावण करायचं. अन् तवा तुमचा हात तिच्या गळ्यापाशी पाह्यजे."

नळी बसली. सुरुवातीला शांताबाई तिच्याकडे बघायच्या नाहीत. मग प्रज्ञा नळीतून वाटलेलं अन्न सोडायला लागली की त्या शेजारी बसून "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" म्हणायला लागल्या. नळीला चिऊ-काऊ ऐकवणारी आजी मी दुसरी पाहिली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, सांचीची छाती भरली नाही. गालावर मांस चढलं. अधूनमधून मी जायचे आणि तिला ताठ बसवून बोटाच्या टोकावर येईल एवढी घट्ट लापशी चाटायला लावायचे. गिळून झालं की आवाज कसा ऐकायचा, हे शांताबाईंना शिकवलं. त्या माझ्याहून बारीक कानानं ऐकायच्या.

बोंडलं त्यांनी आनंदमामाला परत देऊन टाकलं होतं. तो शेगावला गाड्या दुरुस्त करतो. एक दिवस त्याचा मला फोन आला, "मॅडम, सांचीले चमचा कसा पाह्यजे?" मी सांगितलं, पसरट, उथळ, तिच्या तोंडात मावेल एवढा आणि कडा गोल. दात आवळणाऱ्या मुलांना आम्ही धातूचा चमचा देत नाही, पण सांचीला ती खोड नव्हती, तेव्हा धातूचा चालेल म्हटलं. मला वाटलं, बाजारातून आणायचा असेल.

बुद्ध पौर्णिमेला उष्टावण ठरलं. त्या दिवशी त्यांच्याकडे तशीही खीर होतेच. सांचीच्या वयाची पोरं दप्तर घेऊन शाळेत जायला लागली होती. ती सगळी आणि त्यांच्या आया अंगणात गोळा झाल्या. सांचीला पांढरा फ्रॉक घालून खुर्चीत बसवलं होतं. बुद्धवंदना झाली. मग आनंदमामानं शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला चमचा काढला. चांदीचा, पसरट, उथळ, कडा घासून गोल केलेल्या.

"बोंडलंच हाय ते," तो म्हणाला. "सोनाराकडून मोडून घेतलं."

शांताबाईंनी चमचा हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि त्याला परत दिला. मी सांचीच्या हनुवटीखाली बोटं ठेवली. मी घट्ट करून ठेवलेली खीर मामानं अर्धा चमचा घेतली. दिवसभर इंजिनं खोलणारा माणूस, पण सांचीच्या ओठांपाशी नेलेला चमचा त्यानं मागे घेतला.

"मॅडम, माह्याच्यानं नाही होत."

"होतं. चमचा जिभेवर ठेव आणि थांब. ओठ ती मिटेल."

सांचीनं ओठ मिटले. खीर तोंडात होती, आणि ती मामाकडे एकटक बघत होती. आम्ही थांबलो. अंगणात कोणी पोरगं टाळ्या वाजवायला लागलं, तर शांताबाई कडाडल्या, "गप बसा बे!" मग माझ्या बोटांखाली तिचा कंठ वर उचलला गेला आणि खाली आला. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पण अजून आवाज ऐकायचा होता, आणि त्यासाठी शांताबाई नातीच्या तोंडाशी कान नेऊन उभ्या होत्या. सांची हसली आणि तिनं तिचा तो नेहमीचा लांबलचक "आ" काढला.

शांताबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"कोरडा हाय," त्या म्हणाल्या. "आनंदा, दे अजून एक."